राखीव यकृत

वैजयंता उगले गेली त्याच्या चौदाव्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, तिच्या नवऱ्याला फोन आला की प्रकृती उत्तम आहे.

रंगनाथ तेव्हा सिन्नरला बसस्टँडमागच्या आपल्या दुकानात होता. पंपाच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि त्यांना नवी तार भरायची, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. आदल्या दिवशी तेरावा झाला होता. शटर वर केलं ते काम करायला नव्हे, घरात बसवत नव्हतं म्हणून. फोनवरचा आवाज बाईचा होता, गोड होता आणि यंत्राचा होता.

"नमस्कार. वैजयंता रंगनाथ उगले यांच्या राखीव यकृतास आज चाळीस दिवस पूर्ण झाले. प्रकृती उत्तम आहे. पुढील तपासणीसाठी रुग्णाने सोमवारी यावे."

रंगनाथ म्हणाला, "ती गेली." आवाज म्हणाला की येणार असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. त्याने काहीच दाबलं नाही. फोन बंद करून तो स्टुलावर बसला. समोर कुणाची तरी पाच हॉर्सची मोटर उघडून पडली होती. तिच्याकडे तो बघत बसला.

पेटी त्याच्या लक्षातच नव्हती असं नाही. पण त्याची समजूत अशी होती की माणूस गेलं की त्याचं जे काही कुठे ठेवलेलं असेल तेही आपोआप जातं. वैजयंता घरी गेली, सकाळी केस विंचरताना. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली, असं सिन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या धांदलीत नाशिकच्या इस्पितळाला कळवायचं कुणाला सुचलंच नाही. रामकुंडावर दहावा झाला, घरी तेरावा झाला, पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले. आणि आता कळत होतं की ज्याचं सगळं केलं ते सगळं गेलेलंच नव्हतं.

दुपारी त्याने इस्पितळातल्या तुषार गांगुर्डेला फोन लावला. ऑपरेशनआधी रुग्णाला आणि घरच्यांना सगळं समजावून सांगायचं आणि त्यांच्या सह्या घ्यायच्या, ही तुषारची नोकरी. वैजयंता गेल्याचं ऐकून त्याने कधी, कशाने ते विचारलं. मग म्हणाला, "काका, उद्या याल का? म्हणजे... ते चालू आहे."

---

हे यकृत बाहेर कसं आलं ते आधी सांगायला हवं.

अडीच वर्षांपूर्वी वैजयंताला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. तेवढा तुकडा कापून काढला, औषधं दिली, दोन वर्षं बरी गेली. मग यकृतात गाठी दिसल्या. इस्पितळातल्या सर्जन डॉ. अस्मा काझी यांनी रंगनाथला तेव्हा चित्र काढून समजावलं होतं. आतड्यातून निघणारं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतातून गाळून जातं. रंगनाथला ते लगेच पटलं. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला जाळी असते, कचरा आधी तिथे अडकतो. तसा आतड्याचा कॅन्सर पसरायला निघाला की त्याचा पहिला मुक्काम बहुधा यकृतात. यात एक बरं असतं, डॉक्टर म्हणाल्या. कधीकधी तो त्या मुक्कामापुढे गेलेलाच नसतो. तिथून काढता आला तर माणूस वाचतो.

दुसरी बरी गोष्ट म्हणजे यकृत वाढतं. चांगलं असेल तर एक तृतीयांश ठेवलं तरी पुरतं. काही आठवड्यांत ते जवळजवळ पहिल्याइतकं होतं. अडचण येते ती गाठी दोन्ही बाजूंना असल्या की. सगळ्या कापायच्या तर मागे काही उरत नाही. वैजयंताच्या डाव्या भागात दोन गाठी होत्या, उजव्यात चौदा.

अशा लोकांसाठी ती पेटी निघाली होती. डाव्या भागातल्या दोन गाठी कापायच्या आणि तो भाग पोटात ठेवायचा. उजवा अख्खा भाग बाहेर काढून पेटीत जिवंत ठेवायचा. पंप त्यातून रक्त फिरवत राहतो. बाहेर ठेवण्याचा फायदा असा की त्याला औषध कितीही देता येतं. जे औषध रोग्याच्या अंगाला एक वाटी सोसत नाही ते इथे दहा वाट्या सोडता येतं, कारण इथे केस नाहीत, रक्त बनवणारा हाडांतला मगज नाही, किडनी नाही, ओकारी काढणारं कुणी नाही. गाठी मेल्या की त्या कोरून काढायच्या. पन्नास दिवसांपर्यंत पेटी चालते. तेवढ्यात पोटातला डावा भाग नीट वाढला तर ठीक, नाही तर उजवा परत बसवायचा. म्हणून त्याला राखीव म्हणत.

---

पेट्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. ओळीने अकरा पेट्या, आडव्या ठेवलेल्या लहान फ्रिजएवढ्या, वर काच. सातव्या पेटीवर वैजयंताचं नाव होतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी रंगनाथला ती एकदा दाखवली होती, पण तेव्हा त्याने मान फिरवली होती. आज त्याने पाहिलं.

लालसर तपकिरी, ओलं, तळहातापेक्षा बरंच मोठं. आणि ते हलत होतं. सावकाश वर, सावकाश खाली. रंगनाथने पेटीचा काठ धरला. डॉ. काझींनी घाईने सांगितलं की यकृताखाली एक फुगा आहे. यकृताला जन्मभर श्वासाच्या हालचालीची सवय असते, ती बंद केली तर ते एकाच जागी दबून खराब होतं. म्हणून फुगा हलवायचा. तो श्वास नव्हे.

रंगनाथने काचेवर हात ठेवला. काच कोमट होती. एका बाजूच्या नळीतून हिरवट पिवळं पित्त थेंबथेंब बाटलीत पडत होतं. पंपाचा आवाज एकसारखा होता, बेअरिंग चांगलं होतं. सगळ्यांत आधी आपल्याला हेच ऐकू आलं याची त्याला लाज वाटली.

डॉक्टरांनाही धक्का बसलेला होता. त्यांच्या लेखी वैजयंता सिन्नरला घरी सुधारत होती. त्या दोनदा म्हणाल्या की मला कळवायचं तरी. मग त्यांनी सांगितलं की चौदाही गाठी मेल्या, कोरून काढल्या, पाच वेगवेगळ्या तपासण्या केल्या, एकीतही काही सापडलं नाही. इतका स्वच्छ भाग त्यांनी क्वचित पाहिला होता.

रंगनाथने विचारलं, "मग ती का गेली?"

"गुठळीने. यकृताने नाही," डॉक्टर म्हणाल्या. "यकृत सुधारत होतं, उगले."

आता पेटीचे नऊ दिवस राहिले होते. नऊ दिवसांनी ती बंद करायची, किंवा हा भाग दुसऱ्या कुणाला द्यायचा. पण ज्यात एकदा कॅन्सर होऊन गेला ते यकृत धडधाकट माणसाला देता येत नाही. ते फक्त अशालाच देता येतं ज्याला तोच आजार आहे आणि दुसरा रस्ता उरलेला नाही. अशी एक बाई त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर होती. रक्तगट जुळत होता. तिच्या दोन्ही बाजू गाठींनी भरल्या होत्या, पेटीतही काही वाचण्यासारखं नव्हतं. बाकी अंगात कुठे काही नव्हतं. तीन आठवड्यांत काही झालं नाही तर मग काही होणार नव्हतं.

तुषारने वारसाचा फॉर्म पुढे केला. एकच पान होतं. नाव, नातं, तारीख. चौथा प्रश्न असा होता: 'मृत रुग्णास आपल्या आजाराचे स्वरूप शस्त्रक्रियेपूर्वी माहीत होते काय? होय / नाही.'

रंगनाथने फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि उद्या येतो म्हणाला.

---

सिन्नरमध्ये रंगनाथची ख्याती तोंडावर सांगणारा म्हणून होती. शेतकरी मोटर घेऊन यायचा, म्हणायचा बघा जरा, आवाज येतोय. रंगनाथ झाकण काढायचा आणि म्हणायचा, जळालीय. गोड बोलणं नाही, बघू-करू नाही. पण अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वैजयंताचा रिपोर्ट वाचला तेव्हा त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते, "तिला सांगू नका."

आतड्याचं ऑपरेशन झालं ते तिला आतड्याला पीळ पडला म्हणून सांगितलं. नंतरचं औषध म्हणजे ताकदीची सलाइन. त्या औषधाने तिला गार पाण्याला हात लावता येईना, बोटांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. ते जीवनसत्त्व कमी म्हणून. तिने विश्वास ठेवला, कारण नवरा खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं.

यकृताच्या वेळी कारण निघालं ते पित्ताच्या खड्यांचं. तुषारच्या खोलीत ती दोघं बसली होती. तुषार संमतीपत्राची नऊ पानं वाचून दाखवत होता. कठीण शब्द आले की रंगनाथ मध्येच म्हणायचा, पुढे घ्या. शेवटी तुषारने विचारलं, मावशी, काही शंका? वैजयंताने थोडा विचार केला आणि म्हणाली, "खडे काढल्यावर घरी देतात का? आमच्या शेजारणीला दिले होते बाटलीत."

तुषारने रंगनाथकडे बघितलं. रंगनाथ म्हणाला, "देतात." वैजयंताने सही केली. तुषारने साक्षीदार म्हणून खाली सही केली.

---

फॉर्म घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तुषारने त्याला जिन्यातच गाठलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. 'नाही' लिहिलं तर मूळ ऑपरेशनच रुग्णाच्या संमतीवाचून झालं असं ठरतं. संमतीवाचून काढलेला अवयव कायद्याने कुणालाच देता येत नाही. पेटी बंद करून टाकावी लागते. "माझी नोकरी जाईल, ते जाऊ द्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण ती खालची बाई जाईल, काका. 'होय' लिहा. माझ्या कागदावर तेच आहे."

रंगनाथने मुलीला फोन केला. ईश्वरी धुळ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. आजार तिला पहिल्यापासून माहीत होता. आईला सांगा, असं तिने दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा रंगनाथ म्हणाला होता की बघतो, पण तिला झेपणार नाही, आणि ईश्वरी गप्प बसली होती. पेटीचं ऐकून ती फोनवर रडली नाही. तिने नीट विचारलं की किती दिवस, कोणतं औषध, कोण बाई. मग चौथा प्रश्न ऐकला.

"'नाही' लिहा," ती म्हणाली.

रंगनाथने सांगितलं की मग ती बाई मरेल.

"पप्पा, आईला फसवलं हे कुठेतरी तरी लिहिलेलं राहू दे. एवढा एकच कागद आहे जो ते विचारतोय. मी शिकलेली, मुलांना शिकवणारी, आणि मी तुमचं ऐकलं. आता तरी ऐकायला लावू नका."

तो म्हणाला, बघतो. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हाही बघतोच म्हणाला होता."

---

त्यानंतर रंगनाथ रोज सकाळी सिन्नरहून यायचा आणि सातव्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचा. कुणी हटकलं नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, हातात टोपी. तो पेटीकडे बघत नव्हता, रंगनाथकडे बघत होता. चहा घेता का, म्हणाला.

तो सुदाम वाघचौरे, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा नवरा. तुषारने त्याला सांगायला नको होतं, पण सांगितलं होतं. कॅन्टीनमध्ये सुदामने मागितलं काहीच नाही. नुसतं बायकोबद्दल बोलत राहिला. कांचन निफाडजवळ द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मुकादम होती. हाताखाली पन्नास बायका. मालकसुद्धा तिला विचारल्याशिवाय गाडी भरत नाही. इथे खाटेवरून रोज फोन करून बायकांना फैलावर घेते, मणी बारीक का आले, डबे ओले का ठेवले.

"आजार कळल्यावरही?" रंगनाथने विचारलं.

"तिला नाही सांगितलं," सुदाम म्हणाला. "पित्ताचे खडे आहेत म्हणून सांगितलंय."

रंगनाथने कप खाली ठेवला. त्याने विचारलं, असं सांगायचं तुम्हाला कुणी सुचवलं?

"कुणी कशाला सुचवायला पाहिजे? सगळे हेच सांगतात."

रंगनाथला वाटत होतं की ते खोटं त्याने एकट्याने, वैजयंतासाठी म्हणून, छाती घट्ट करून रचलं होतं. इथे ते तयारच मिळत होतं, कॅन्टीनमधल्या चहासारखं.

मग तो म्हणाला, "तिला खरं सांगा. सांगितलंत की मी फॉर्म भरतो."

सुदामला आधी कळलं नाही, मग राग आला. ती खचेल, म्हणाला. जे आहे ते बळही जाईल. तुम्ही सांगितलं होतं का तुमच्या मंडळींना? रंगनाथ नाही म्हणाला. "मग मलाच का?" सुदाम म्हणाला. "तुमची गेली म्हणून माझीवर सूड काय?"

रंगनाथ उठला. तो परत वर जाऊन बसला.

दोन दिवस सुदाम दिसला नाही. शेचाळिसाव्या दिवशी सकाळी तो आला. दाढी वाढलेली. तीनदा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तीनदा पाणी देऊन परत आला. "माझ्याच्याने होत नाही, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही सांगा."

---

कांचन वाघचौरे उशीला टेकून बसली होती. डोळे पिवळे पडले होते, आवाज मात्र खणखणीत. ती फोनवर कुणा सविताला सांगत होती की घड देठाला धरून उचल, मण्याला हात लावशील तर घरी बसवीन. सुदामच्या मागून आलेल्या रंगनाथला तिने हाताने थांबायची खूण केली आणि बिलाचं असेल तर यांच्याशी बोला, म्हणाली.

"बिलाचं नाही," रंगनाथ म्हणाला. "ताई, तुम्हाला खडे नाहीत. कॅन्सर आहे. आतड्यातून यकृतात आलाय."

त्याने मोटारीबद्दल सांगावं तसं ते सांगितलं. दुसरी रीत त्याला येत नव्हती.

फोनमधून सविता हॅलो हॅलो करत राहिली. कांचनने तो बंद केला. तिने रंगनाथकडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघितलं. सुदाम फरशीकडे बघत होता. एवढ्यावरून तिला कळलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"गणपतीपासून," सुदाम म्हणाला.

ती बोटांवर मोजू लागली. "सात महिने," ती म्हणाली. "सात महिने मी दोन-दोन शिफ्टा केल्या. म्हटलं सीझन आहे, नंतर आराम करू. तुम्हाला माहीत होतं. आणि तुम्ही मला डबा भरून दिलात."

सुदाम काहीतरी बोलायला गेला. तिने त्याला बाहेर जायला सांगितलं. आवाज चढवला नाही, आणि तो गेला.

कांचन भिंतीकडे बघत होती. रंगनाथ उभाच होता. बसा म्हणणारं कुणी नव्हतं. शेवटी तिने विचारलं की तुम्ही कोण, आणि तुम्ही का सांगताय. त्याने सांगितलं. बायको, पेटी, चौदा गाठी, गुठळी.

"त्यांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

तिने पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायली आणि म्हणाली, मला ते बघायचंय.

चाकाच्या खुर्चीतून तिला वर नेलं. सातव्या पेटीसमोर ती पंधरा मिनिटं बसली. हलतंय कसं, विचारलं, फुग्याचं सांगितलं. हे पिवळं काय, विचारलं, पित्ताचं सांगितलं. डॉ. काझींना विचारलं की असं किती जणांना दिलं आणि त्यातले किती आहेत. डॉक्टर म्हणाल्या, एकतीस जणांना. तीन वर्षांनी एकोणीस आहेत. बाकीच्या बारा जणांचं काय झालं, तेही तिने एकेकाचं विचारलं. डॉक्टर आधी अडखळल्या, मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि सांगत गेल्या.

नंतर तिने नऊ पानं मागून घेतली. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. जो शब्द अडेल त्यावर बोट ठेवायची आणि तुषारकडे बघायची. माल तपासून घेणाऱ्या बाईचं वाचन होतं ते. दुपारचं जेवण आलं तसं परत गेलं. चार तास लागले. तुषारच्या नोकरीत ती नऊ पानं पूर्ण वाचलेली पहिलीच बाई. सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं.

रंगनाथने खिशातून आपला फॉर्म काढला. घड्यांनी तो मऊ पडला होता. चौथा प्रश्न त्याने तिला दाखवला आणि दोन्हीकडे काय होईल ते सांगितलं. तुम्ही म्हणाल ते लिहितो, म्हणाला.

"मला विचारू नका," कांचन म्हणाली. "माझा जीव त्यात अडकलाय, मी 'होय'च म्हणणार. ते तुमच्या घरचं आहे. तुमचं तुम्ही ठरवा."

त्याने 'होय'वर खूण केली. आधीची सगळी खोटी त्याने वैजयंताच्या भल्यासाठी म्हणून सांगितली होती. या वेळी तसं काही मनाला सांगितलं नाही. हे खोटं आहे आणि ते वैजयंताच्या नावावर आहे, हे पूर्ण कळून त्याने खाली सही केली.

संध्याकाळी ईश्वरीला फोन करून सांगितलं.

"म्हणजे आईला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "आता कागदच तसं म्हणतो."

"हो."

"त्या बाईला तरी सांगितलं?"

"सांगितलं. मीच सांगितलं."

"तिला सांगता आलं," ईश्वरी म्हणाली, आणि फोन ठेवला. नंतर त्याने दोनदा लावला, तिने उचलला नाही.

---

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी सकाळी सातला पेटी खोलीतून निघाली. दोघं जण ती चाकांवरून ढकलत नेत होते, पंप चालूच होता. रंगनाथ लिफ्टच्या दारापर्यंत सोबत गेला. लिफ्टमध्ये त्याला घेतलं नाही.

ऑपरेशन अकरा तास चाललं. सुदाम बाकाच्या एका टोकाला, रंगनाथ दुसऱ्या टोकाला. सुदामने मध्येच सांगितलं की त्या दिवसापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोललेली नाही. आत जातानासुद्धा नाही. सहा वाजता डॉ. काझी बाहेर आल्या. टोपीची खूण कपाळावर उमटली होती. रक्त नीट वाहतंय, म्हणाल्या, आणि टेबलावरच पित्त सुटायला लागलं. सुदामने डॉक्टरांचे पाय धरले, त्यांनी ते मागे घेतले. रंगनाथने विचारलं की पेटी आता बंद केली का. हो, डॉक्टर म्हणाल्या, तासापूर्वीच.

तेव्हा त्याचे हात कापायला लागले. ते थांबेनात. बावीस दिवसांत, स्मशानात, रामकुंडावर, कुठेच कापले नव्हते. सुदामने त्याला बाकावर बसवलं.

तो त्या दिवशी सिन्नरला गेला नाही, त्याच्या दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कांचनच्या नाकातली नळी काढली आणि सुदामला पाच मिनिटं आत सोडलं. रंगनाथ बाहेर दारापाशी उभा होता. दार पूर्ण लागलं नव्हतं.

मग तिचा आवाज आला, घोगरा, तुटक, श्वास घेत घेत. ती सुदामला फाडून खात होती. बहिणीशी मी तीन वर्षं बोलत नव्हते, कळलं असतं तर गेले असते की नाही गेले असते, ते मला ठरवू द्यायचं होतं. तुमच्या आईला माहीत होतं, तुमच्या भावाला माहीत होतं, सविताच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि मी मुकादम. माझ्या मरणाची बातमी गावाला, आणि मला डबा. घरी येऊ द्या, मग बघते. रडू नका, रडायचं होतं ते आधी माझ्यासमोर रडायचं होतं.

नर्स आली आणि पाच मिनिटं झाली म्हणाली. आतून कांचन म्हणाली, माझं अजून संपलेलं नाही. नर्सने रंगनाथकडे बघितलं, तो बाजूला सरकला नाही. ती परत गेली.

त्यातला एकही शब्द रंगनाथसाठी नव्हता. तो मान खाली घालून, हात पुढे धरून, तिचं बोलणं संपेपर्यंत तिथे उभा राहिला.